नजर बसते, हात बसत नाही

डोळ्यांवर आभासी जग दाखवणारा हेडसेट चढवून घरच्या खुर्चीत संगणकावरचं विमान चालवणाऱ्यांची संख्या गेल्या दहा वर्षांत इतकी वाढली आहे, की त्यांच्या या सरावाचं करायचं काय, हा प्रश्न वैमानिक घडवणाऱ्यांना आता टाळता येत नाही. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे हेडसेट बाजारात आले. २०१८ मध्ये एक्स-प्लेन या आणि २०२० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या घरी विमान चालवायच्या सॉफ्टवेअरने हेडसेटची सोय केली. तेव्हापासून एक वाद चालू आहे, आणि तो फार वाईट पद्धतीने घातला जातोय. एक बाजू, आणि तिच्यात बरेच अनुभवी प्रशिक्षक आहेत, म्हणते की हे खेळणं आहे. यावर शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या सवयी आधी मोडाव्या लागतात आणि मग त्याला शिकवता येतं. दुसरी बाजू म्हणते की हेडसेट घातला की आपण कॉकपिटमध्येच असतो, सगळं हुबेहूब दिसतं, मग हे तास उड्डाणाच्या तासांत का धरू नयेत?

भांडण कितीही कडाक्याचं असलं तरी एक गोष्ट दोघांनीही न तपासता गृहीत धरली आहे: सराव जितका खऱ्यासारखा, तितका तो उपयोगी. एकाला हेडसेट पुरेसा खरा वाटत नाही, दुसऱ्याला वाटतो, एवढाच काय तो फरक. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. घरच्या सरावातलं नेमकं काय विमानात आपल्यासोबत येतं, यावर त्या सरावाची किंमत ठरते. आणि त्या कसोटीवर माझं मत असं, की हेडसेटने नजर बसते, हात बसत नाही. म्हणून नजरेची कामं त्याच्याकडे निर्धास्त सोपवावीत, हाताची कामं त्याच्यावर शिकू नयेत, आणि ही वाटणी विद्यार्थ्यावर न सोडता प्रशिक्षकाने करावी. आज नेमकं हेच घडत नाही. प्रशिक्षक हेडसेटकडे पाठ फिरवतो, आणि विद्यार्थी घरी एकटाच मनाला येईल ते गिरवत बसतो.

विरोधकांचे मुद्दे हलके नाहीत, म्हणून ते आधी घेतो. पहिला हाताचाच. हेडसेट घातला की स्वतःचे हात दिसत नाहीत. खऱ्या लहान विमानात कार्ब्युरेटर हीटची, म्हणजे इंजिनाच्या कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी, कळ ओढायची तर हात तिच्यापर्यंत जातो, बोटांना तिचा आकार कळतो, ओढताना ती किती अडते ते जाणवतं आणि इंजिनाचे फेरे थोडे उतरलेले कानाला कळतात. हेडसेटमध्ये हातातल्या कंट्रोलरमधून निघालेली एक रेघ त्या कळीवर नेऊन ट्रिगर दाबायचा असतो. कळ तीच, क्रमही तोच, पण हाताने शिकलेली हालचाल विमानात कुठेच कामाची नाही. इंजिन बंद पडल्यावर न बघता योग्य कळीवर जाणारा हात हा वैमानिकाचा मोठा आधार असतो. तो हात अशा सरावातून तयार होत नाही.

दुसरा मुद्दा ट्रिमचा. बाहेरच्यांना तो किरकोळ वाटेल, पण माझ्या मते सगळ्यांत गंभीर तोच आहे. खऱ्या विमानात नाक वर धरायचं तर योक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, ओढून धरावा लागतो आणि हवेचा दाब हाताला उलट ओढत असतो. वैमानिक आधी विमान हव्या त्या अवस्थेत आणतो, तिथे धरून ठेवतो आणि मग ट्रिमचं चाक थोडंथोडं फिरवत हातावरचा भार काढून टाकतो. क्रम ठरलेला आहे: आधी अवस्था, नंतर ट्रिम. घरच्या साध्या योकमध्ये मात्र एक स्प्रिंग असते. तिला हवेचा वेग कळत नाही आणि ट्रिमही कळत नाही; ती योकला कायम एकाच मध्यबिंदूकडे खेचत राहते. त्यामुळे घरी ट्रिम फिरवलं की हातावरचा भार आहे तसाच राहतो आणि विमानाचं नाकच वरखाली होतं. मग नाक सांभाळत सांभाळत योक मध्यावर सोडायचा, असा उलटा क्रम अंगवळणी पडतो. असा सराव करून आलेला विद्यार्थी खऱ्या विमानात योक सैल धरून ट्रिमच्या चाकानेच विमान चालवायला बघतो, आणि प्रशिक्षक शेजारी बसून कपाळाला हात लावतो. मोटरने दाब निर्माण करणारे योक मिळतात आणि त्यांनी हा दोष बराचसा जातो, पण घरोघरी असतात ते स्प्रिंगवालेच.

तिसरा मुद्दा खुद्द नजरेचा, म्हणजे हेडसेटचे पाठीराखे ज्याच्या बळावर बोलतात त्याचाच. निरोगी डोळा एका अंशात साधारण साठ वेगळे ठिपके ओळखू शकतो. आज घरोघरी असलेला क्वेस्ट ३ सारखा हेडसेट एका अंशात पंचवीसच्या आसपासच ठिपके दाखवतो. परिणाम दोन. उंचीमापकावरचे आकडे स्पष्ट दिसावेत म्हणून माणूस मान पुढे काढतो, आणि ही पुढे झुकायची लकब त्याच्या एकूण पाहण्याचा ताल बिघडवते. आणि काही किलोमीटरवरून येणारं दुसरं विमान, जे खऱ्या आकाशात एक बारीक काळा ठिपका असतं, ते इथे एका पिक्सेलच्या आत विरून जातं. त्यामुळे आकाशातली रहदारी हेरण्याचा सराव हेडसेटवर होत नाही. शिवाय माणसाला दोन्ही बाजूंना मिळून सुमारे २०० अंशांचं दिसतं, या हेडसेटमध्ये शंभर-एकशेदहा. लँडिंगच्या अखेरच्या क्षणी वैमानिक धावपट्टीच्या पार टोकाकडे बघत असतो आणि विमान किती वेगाने खाली बसतंय हे त्याला डोळ्यांच्या कडांनी कळतं. नेमक्या त्या कडाच हेडसेट कापून टाकतो.

मळमळीचा मुद्दाही खरा आहे आणि तो हेडसेटपेक्षा जुना आहे. १९५० च्या दशकात हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर बसलेल्या वैमानिकांना तो पहिल्यांदा ठळकपणे जाणवला, आणि नवख्यांपेक्षा मुरलेल्या वैमानिकांना त्रास जास्त झाला, कारण काय जाणवायला हवं होतं हे त्यांच्या शरीराला ठाऊक होतं. डोकं गरगरत असेल त्या दिवशी खरं उड्डाण करू नये, याबद्दल कुणाचं दुमत नसावं. आणि भीती? घरी चुकलं की पडदा थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. त्या सोयीने निर्णयाचं वजनच जातं, हे मी नाकारत नाही.

हे सगळं मान्य करूनही ‘म्हणून हेडसेट निरुपयोगी’ हा निष्कर्ष निघत नाही. सिम्युलेटरचा सगळा इतिहास त्याच्या विरोधात साक्ष देतो. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानं चालवायला शिकवणारे लोक विद्यार्थ्याला अर्ध्या पिंपांच्या एका सांगाड्यावर बसवत आणि बाहेर उभी असलेली माणसं तो हाताने डुलवत. विद्यार्थ्याने चाकं फिरवून तो पुन्हा समतोल करायचा. दृश्य शून्य, इंजिन शून्य. तरी तेवढं एक काम त्यातून शिकता येई. पुढे १९२९ साली एडविन लिंक याने न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात एक यंत्र बनवलं. ऑर्गनचे भाते आणि हवेच्या झडपा वापरून डुलणारी ती छोटी विमानाकृती होती. वैमानिकी शिकवणाऱ्यांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. ती विकली गेली करमणुकीच्या बागांना. ‘हे खेळणं आहे’ हे वाक्य तेव्हाही बोललं गेलं असणार, आणि ते अक्षरशः खरंही होतं.

मग १९३४ उजाडलं. अमेरिकी सरकारने खाजगी कंपन्यांची हवाई टपालाची कंत्राटं रद्द केली आणि टपाल वाहण्याचं काम लष्कराच्या हवाई दलावर सोपवलं. ढगांत, रात्री, केवळ उपकरणांवर उडण्याची सवय नसलेले वैमानिक काही आठवड्यांत एकामागून एक मरू लागले. त्या काळात लष्करी अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक दाखवायला लिंक स्वतः खराब हवेत विमान घेऊन न्यूअर्कला उतरला. अशा हवेत कुणी येणार नाही असं अधिकाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. लष्कराने लगोलग सहा यंत्रं घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक लिंकच्या त्या निळ्या डब्यांसारख्या यंत्रांतून शिकून बाहेर पडले. त्या डब्याला खिडकी असून नसल्यासारखी होती. झाकण लावलं की बाहेरचं काही दिसत नसे. खऱ्या विमानाशी त्याचं साम्य नावापुरतं होतं. पण एक काम, उपकरणांवर विश्वास ठेवून उडणं, ते तो चोख शिकवत असे, आणि शेजारी टेबलाशी बसलेला प्रशिक्षक कागदावर उमटणारी उड्डाणाची रेघ पाहत असे. यंत्र किती हुबेहूब आहे, यावर त्याचं यश ठरलं असतं तर लिंकचा डबा पहिल्याच दिवशी बाद झाला असता.

उलट बाजूचा पुरावा अधिक दुःखद आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं एअरबस ए-३०० उड्डाणानंतर काही मिनिटांत कोसळलं आणि २६५ माणसं गेली. पुढे गेलेल्या जंबो जेटच्या हवेच्या भोवऱ्यात विमान हलल्यावर सहवैमानिकाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असा इतक्या जोरात फिरवला की शेपटीचा उभा पंखच तुटला. तपास करणाऱ्या अमेरिकी वाहतूक सुरक्षा मंडळाने या अनावश्यक रडर-वापराला कारण ठरवलं आणि त्यासोबत दोन गोष्टींचा वाटा नोंदवला: त्या विमानाच्या रडरची रचना आणि कंपनीचा विशेष प्रशिक्षण कार्यक्रम. त्या कार्यक्रमातल्या सिम्युलेटरच्या एका धड्यात विमान मोठ्या कोनात कलंडावं म्हणून वैमानिकाच्या नियंत्रणांचा परिणाम काही क्षण मुद्दाम रोखून ठेवला जाई. भोवऱ्यात सापडलं की विमान भयंकर कलंडतं आणि ते सावरायला जोर लावावा लागतो, अशी अवास्तव समजूत अशा धड्यातून होऊ शकते, असं मंडळाला दिसलं.

हे सिम्युलेटर खेळणं नव्हतं. हलणारं व्यासपीठ, खरं कॉकपिट, खऱ्या कळा, खरे दाब असलेलं महागडं, सरकारमान्य यंत्र होतं. दिसायला आणि हाताला ते जितकं खरं होतं, तितकीच त्याने दिलेली चुकीची समजूत खोल रुतण्याची भीती होती. मग प्रशिक्षकांनी हेडसेटला ‘खोटा’ म्हणून नाकारावं आणि मोठ्या सिम्युलेटरला ‘खरा’ म्हणून डोळे झाकून मान तुकवावी, यात कसला तर्क आहे? दोघेही काही गोष्टी खऱ्या दाखवतात आणि काही खोट्या. धोका त्या खोट्या गोष्टींची यादी हातात नसण्यात आहे.

अशी यादी मोठ्या सिम्युलेटरांच्या बाबतीतही उशिरा, जीव गेल्यानंतर तयार झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून ५० जण मेले. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचलच हरपण्याचा, इशारा मिळाल्यावर कप्तानाने योक पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला होता. त्यानंतर वैमानिकांना पूर्ण स्टॉल शिकवायचं ठरलं तेव्हा ध्यानात आलं की तोवरच्या सिम्युलेटरांचं गणित स्टॉलच्या अलीकडेच भरवशाचं होतं. पलीकडे विमान कसं वागेल हे बऱ्याच अंशी अंदाजावर होतं. सिम्युलेटर सुधारल्याशिवाय तो धडा देता येईना. घरच्या सॉफ्टवेअरमध्येही स्टॉल आणि स्पिन, म्हणजे स्टॉलनंतर गरगरत खाली येणं, दिसायला सुरेख दिसतात, पंख खाली जातो, जमीन गरगर फिरते. पण गणित जिथे अंदाजावर चालतं तिथेही चित्र तितकंच देखणं राहतं. हेडसेटच्या बाबतीत मला खरी धास्ती वाटते ती याची: त्याचं दृश्य इतकं पटतं की उरलेलं सगळंही आपण खरं मानून बसतो. घरी स्पिनमधून सहज बाहेर पडणाऱ्याने आपल्याला स्पिन येतो असं मानू नये.

आता हेडसेट काय चांगलं करतो ते बघू. विमानतळाभोवती सर्किट मारताना वैमानिक धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जातो, मग काटकोनात वळून बेसवर येतो आणि पुन्हा वळून फायनलवर धावपट्टीसमोर येतो. बेसवरून फायनलचं वळण हे लहान विमानांचं जुनं मरणस्थान आहे. वारा पाठीमागून ढकलत असतो, वळायला उशीर होतो, धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. ती पुन्हा गाठण्यासाठी घाबरलेला वैमानिक रडरने नाक आत ढकलतो आणि योक ओढतो. वेग आधीच कमी असतो. एक पंख स्टॉल होतो, विमान उलटतं, आणि खाली सावरायला उंची नसते. हे टाळायचं तर कधी वळायचं हे नजरेला आधीच कळलं पाहिजे. खांद्यावरून मागे बघितल्यावर धावपट्टीचं टोक पंखाच्या मागे कुठे दिसतंय, बाजूच्या खिडकीत ती किती वेगाने सरकतेय, ती अजून तिरकी आहे की सरळ होऊ लागली, या सगळ्याचं उत्तर मान वळवून मिळतं. सपाट पडद्यावर मान वळवता येत नाही; बटणाने दृश्य फिरवावं लागतं आणि कोनाचा अंदाजच जातो. हेडसेटमध्ये मान वळवावी लागते, जशी विमानात वळवावी लागते, आणि दिसणारा कोन तोच असतो.

त्यात भर घालणारी गोष्ट वेळेची. खऱ्या विमानात एका सर्किटला पाच-सहा मिनिटं जातात आणि त्यातलं हे निर्णयाचं वळण काही सेकंदांचं असतं. म्हणजे तासाभराच्या उड्डाणात विद्यार्थ्याला ते जेमतेम दहा वेळा भेटतं, तेही रेडिओवर बोलत, वेग सांभाळत, घाम पुसत. घरी विमान दर वेळी थेट बेसवर आणून ठेवता येतं. वारा बदलायचा, उंची बदलायची, वळणाची बाजू बदलायची आणि पुन्हा वळायचं. मध्येच थांबवून बघता येतं: आत्ता धावपट्टी कुठे आहे, दोन सेकंदांपूर्वी कुठे होती? अशा सरावाने हात तयार होणार नाही, पण उशीर होतोय हे आधी कळू लागेल, आणि या वळणावर जीव वाचतो तो त्या आधी कळण्याने. इंजिन बंद पडल्यावर आवाक्यातलं शेत निवडणं, अनोळखी विमानतळावर जाण्याआधी तिथल्या टेकड्या आणि धावपट्टी यांचं चित्र डोळ्यांत बसवणं, हीसुद्धा याच जातीची कामं आहेत. आणि नवख्यांना विमान सोडून उपकरणांकडेच टक लावून बघायची खोड सपाट पडद्याने लागते, ती हेडसेटने उलट सुटते, कारण बाहेरचं जग तिथे खरोखर बाहेर असतं.

उपकरणांवरच्या उड्डाणाच्या सरावाला मात्र मी हेडसेट सुचवणार नाही. तिथे नियंत्रकाची सूचना लिहून घ्यायची असते, नकाशा बघायचा असतो, बारीक आकडे वाचायचे असतात. साधा पडदा, मांडीवर कागद आणि हातात पेन्सिल हेच बरं. काही उत्साही मंडळी सांगतात, की हेडसेटमध्ये डोळे एक सांगतात आणि शरीर दुसरं, म्हणून ढगात शरीराचं न ऐकण्याची सवय त्यातून लागते. हे मला पटत नाही. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांचं प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना आंधळ्या उड्डाणाच्या परिस्थितीत घातलं गेलं आणि सगळ्यांच्या हातून विमानाचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. त्यांना फसवलं ते कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाने, जे विमान वळत असताना ‘सरळ चाललोय’ असं ठासून सांगत होतं. स्थिर खुर्चीत ते इंद्रिय ‘मी बसलोय’ एवढंच म्हणतं, आणि ते खरंच असतं. खोटं बोलणाऱ्या शरीराशी झगडण्याचा अनुभव खुर्ची देऊच शकत नाही.

हेडसेटच्या भक्तांना म्हणूनच चंद्रमोहिमेची आठवण करून द्यावीशी वाटते. नासाकडे त्या काळातले उत्तमातले उत्तम सिम्युलेटर होते. तरी चंद्रावर उतरण्याच्या सरावासाठी त्यांनी एक बेढब उडतं यंत्र बनवलं, खाली जेट इंजिन आणि भोवती छोटे रॉकेट. ६ मे १९६८ रोजी नील आर्मस्ट्राँग ते चालवत असताना ताबा सुटला आणि जमिनीपासून जेमतेम साठ मीटरवर त्यांना आसनासकट बाहेर उडी घ्यावी लागली. अशा एकूण पाच यंत्रांपैकी तीन कोसळली. वरिष्ठांना ते बंद करायचं होतं. अंतराळवीरांनी ते सोडू दिलं नाही. का? सिम्युलेटर निकामी होते म्हणून नव्हे. त्यांवरही ते तासन्‌तास बसत. जमिनीजवळ, इंधन संपत असताना, खरोखर पडण्याची शक्यता असताना घेतलेला निर्णय दुसऱ्या कुठल्याही यंत्रात मिळत नव्हता. दोन्ही लागले, आणि कोणत्या कामाला कोणतं हे तिथे नीट ठरलेलं होतं.

अमेरिकी हवाई दलाने २०१८ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे हेडसेटच्या मदतीने वैमानिक घडवण्याचा प्रयोग सुरू केला आणि एरवी साधारण वर्षभर चालणाऱ्या शिक्षणाची पहिली तुकडी सहाएक महिन्यांत बाहेर पडली. हे उदाहरण घरच्या सरावाचे समर्थक हटकून देतात. पण तिथे काय होतं ते पूर्ण बघा. विद्यार्थ्यांना खरी विमानंही मिळत होती, प्रशिक्षक हाताशी होते, प्रत्येकाचा वेग वेगळा धरला होता, आणि कुठे अडतंय याची नोंद ठेवली जात होती. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर सगळं श्रेय हेडसेटला देणं न्यायाचं नाही. त्यातून मला दिसतं ते इतकंच, की चांगला प्रशिक्षक सोबत असेल तर हेडसेट आड येत नाही, उलट कामाला येतो. घरी नेमका तो प्रशिक्षकच नसतो.

‘काठावर बसून पोहायला शिकता येत नाही’ असं विरोधक म्हणतात. खरं आहे, पण पोहायला शिकवणारेही श्वास कसा घ्यायचा, हात कसा फेकायचा हे आधी काठावरच दाखवतात, आणि दाखवताना तिथे उभे असतात. घरच्या सरावातली मोठी उणीव मला पाण्याची वाटत नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाची वाटते. चूक पन्नास वेळा गिरवली तर ती पक्की होते, आणि घरी ती दाखवून द्यायला कुणी नसतं. सॉफ्टवेअर विमान धावपट्टीवर टेकलं की शाबासकी देतं. वळताना वेग किती घसरला, रडर किती चुकला, हे ते आपणहून विचारत नाही. उपाय अवघड नाही. जवळजवळ प्रत्येक सिम्युलेटरमध्ये उड्डाण नोंदवून ठेवता येतं. प्रशिक्षकाने नेमकं काम द्यावं, विद्यार्थ्याने नोंद पाठवावी, आणि पुढच्या उड्डाणाआधी दोघांनी ती बघावी. प्रशिक्षकाची दहा मिनिटं जातील आणि विमानातला अर्धा तास वाचेल.

उरतो प्रश्न तासांचा. यात मी नियम करणाऱ्यांच्या बाजूने आहे, पण त्यांच्या मोजमापाबद्दल माझी तक्रार आहे. अमेरिकेत खाजगी वैमानिकाच्या परवान्याला लागणाऱ्या किमान ४० तासांपैकी फक्त अडीच तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे धरतात, तेही प्रशिक्षकासोबतचे. घरच्या अमान्य संचावर कितीही बसलात तरी त्यातलं काही धरत नाहीत. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये एका स्विस कंपनीच्या रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरच्या हेडसेटवाल्या प्रशिक्षण-यंत्राला मान्यता दिली, अशा प्रकारच्या यंत्राला मिळालेली ती पहिलीच. ती हेलिकॉप्टरलाच मिळाली यात नवल नाही: जमिनीपासून हातभर उंचीवर तरंगत राहणं, उतारावर उतरणं ही कामं खाली-बाजूला बघण्याची, जवळच्या अंतराचा अंदाज घेण्याची आहेत. हलणारा पाया आणि खरी नियंत्रणं तिथे होतीच. कामागणिक यंत्र जोखण्याची ही दिशा योग्य आहे.

पण तास हे मापच मुळात ढोबळ आहे. सिम्युलेटरवरच्या तासांमुळे विमानातले किती तास वाचतात, हे मोजणाऱ्या स्टॅनली रॉस्को यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिलं होतं, की सुरुवातीचे तास भरपूर वाचवतात आणि पुढे प्रत्येक तासाची किंमत घसरत जाते. मग शंभरावा तासही पहिल्यासारखाच मागणाऱ्या उत्साही मंडळींचं म्हणणं कसं मान्य करायचं? आणि पहिल्या तासालाही शून्य किंमत देणाऱ्या नियमाचं समर्थन तरी कसं करायचं? त्यापेक्षा बेसवरून फायनलचं वळण, शेत निवडणं, हेलिकॉप्टरचं तरंगणं अशी कामं एकेक घेऊन, हेडसेटवर सराव केलेला विद्यार्थी विमानात ती किती लवकर जमवतो हे प्रशिक्षण संस्थांनी मोजावं आणि त्यानुसार सवलत ठरवावी. असं मोजून होईपर्यंत घरचे तास लॉगबुकाच्या बेरजेत येऊ नयेत.

त्या मोजणीची वाट बघत प्रशिक्षकांनी मात्र थांबू नये. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला विचारावं: घरी उडवतोस का, कशावर, योक स्प्रिंगचा आहे का, ट्रिम आधी फिरवतोस की नंतर, लँडिंगला नजर कुठे ठेवतोस? बरेच विद्यार्थी हे आपणहून सांगत नाहीत, कारण हसतील अशी भीती असते. विचारलं तर पहिल्या तासात काय मोडायचं आणि काय वापरायचं, हे इंजिन सुरू करण्याआधीच कळेल.